रोजची पाच मिनिटे

मिस्त्रींनी इंजिनावरचे ऑइल भरण्याचे झाकण पिळून काढले, उलटे केले आणि काही न बोलता माझ्यापुढे धरले. झाकणाच्या आतल्या बाजूला फिकट तपकिरी रंगाचा, दुधाच्या सायीसारखा जाड थर चिकटलेला होता. त्यांनी तो बोटावर घेतला, अंगठ्याने चोळून पाहिला आणि विचारले, "ताई, गाडी रोज नुसती चालू करून ठेवता का?" मी मोठ्या समाधानाने हो म्हणाले. आमचे अण्णा रोज सकाळी सात वाजता खाली उतरतात, पाच मिनिटे गाडी चालू ठेवतात आणि मगच चहा घेतात, एकही दिवस चुकवत नाहीत, असेही मी सांगितले. त्यावर मिस्त्री थोडा वेळ गप्प राहिले. मग फडक्याला हात पुसत त्यांनी अगदी हलक्या आवाजात, जणू अण्णा तिथेच उभे आहेत अशा बेताने, म्हटले, "त्यानंच झालंय हे."

डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता. निफाडचा पारा किती उतरला, याच्या बातम्या रोज वर्तमानपत्रात येत होत्या आणि आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीतही सकाळी गाड्यांच्या काचांवर दव इतके साचत असे की, कुणी तरी त्यावर बोटाने नाव लिहून जाई. त्या सकाळी अण्णा नेहमीप्रमाणे खाली गेले आणि पाच मिनिटांऐवजी मिनिटभरातच परत आले. "नुसतं कट-कट वाजतंय," एवढेच म्हणाले. शेजाऱ्यांच्या गाडीवरून केबल लावून आमची गाडी सुरू केली आणि सातपूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या एका गल्लीतल्या गॅरेजमध्ये मी ती नेली. बॅटरी संपली असेल, नवी टाकून अर्ध्या तासात परत येऊ, असा माझा हिशेब होता. मिस्त्रींनी बॅटरी तपासलीच. ती १२.१ व्होल्ट दाखवत होती, जी पूर्ण भरलेली असताना १२.६ च्या आसपास असायला हवी. पण त्यांची सवय अशी की, बोनेट उघडले म्हणजे हाताशी येईल ते सगळे एकदा पाहून घ्यायचे. त्यातच ते झाकण निघाले. झाकणावरची साय पाहिल्यावर त्यांनी सर्वांत आधी कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची, टाकी पाहिली. पातळी जिथल्या तिथे होती. ती खाली गेली असती तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनातले पाणी आणि ऑइल वेगळे ठेवणारी पट्टी, गेले आणि पाणी ऑइलमध्ये उतरले, असे समजावे लागले असते आणि इंजिन खोलावे लागले असते. तसे नव्हते. हे पाणी बाहेरून आलेलेच नव्हते. ते इंजिनानेच तयार केलेले होते.

त्यांनी जे सांगितले ते मी घरी येऊन पुन्हा वाचून ताडून पाहिले, कारण ते मला पटायला जड जात होते. एक लिटर पेट्रोल जळते तेव्हा साधारण एक लिटरच पाणी तयार होते. इंजिन आणि सायलेन्सर तापलेले असले की ते वाफ होऊन धुरातून निघून जाते आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. थंड इंजिनात मात्र ती वाफ वाटेतच निवते. काही सायलेन्सरमध्ये साचते आणि त्याला आतून गंजवते. हिवाळ्यात सकाळी गाडीच्या मागच्या नळीतून थेंब गळताना दिसतात ते हेच. थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑइलच्या टाकीत उतरते आणि ऑइलमध्ये घुसळली जाऊन झाकणासारख्या थंड जागी सायीच्या रूपाने बसते. गाडी वीस-पंचवीस मिनिटे रस्त्यावर नीट चालली तर ऑइल इतके तापते की हे पाणी उडून जाते. पाच मिनिटांत ते होत नाही. पाच मिनिटांत फक्त पाणी तयार होण्याचा भाग पुरा होतो, उडून जाण्याचा भाग तसाच राहतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात नवे पाणी पडते. बॅटरीचेही तेच. स्टार्टर फिरवताना ती काही क्षणांत जेवढे देते, तेवढे परत मिळवायला पाच मिनिटांचे संथ फिरणे पुरत नाही. रोज थोडे थोडे देणे होत राहते आणि अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर शिसाच्या क्षाराचे थर कडक होत जातात. शेवटी थंडीची एक सकाळ निमित्त होते.

म्हणजे गेले चौदा महिने, रोज सकाळी, आम्ही गाडीची काळजी घेत घेतच ती बिघडवत होतो.

बॅटरीचे दुःख मला फारसे झाले नाही; बॅटरी चार-पाच वर्षांनी जातेच. मनात रुतून बसला तो प्रश्न वेगळा होता. हे अण्णांना कसे सांगायचे? चौदा महिन्यांपूर्वी काचबिंदूमुळे त्यांची बाजूची नजर अरुंद झाली आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. त्या दिवशी त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली, वाद घातला नाही. मी कॉलेजला स्कूटरने जाते, कारण कॉलेज रोडला गाडी लावायला जागा शोधण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात स्कूटरवरून पोहोचून होते. त्यामुळे गाडी खाली उभीच राहिली. चौदा महिन्यांत ती नऊशे चाळीस किलोमीटर चालली, त्यातलेही निम्मे दोन लग्नांना जाण्यात. ती उभी आहे म्हणजे सुरक्षित आहे, तिची झीज थांबली आहे, अशी माझी पक्की समजूत होती. तिजोरीतला दागिना झिजत नाही, तसे काहीसे. आणि त्या उभ्या गाडीजवळ रोज सकाळी जाण्याचे पाच मिनिटांचे एक काम अण्णांना उरले होते. ते काम त्यांच्याकडून काढून घ्यायचे आणि शिवाय ते चुकीचे होते असेही सांगायचे, या दोन्ही गोष्टी माझ्या वाट्याला आल्या होत्या.

अण्णांना यंत्रातले कळत नाही, असे म्हणण्याची सोय असती तर गोष्ट सोपी होती. पण त्यांचे सगळे आयुष्य सातपूरच्या मायकोमध्ये गेले. कंपनीचे नाव २००८ मध्ये बॉश झाले, तरी नाशिककर आजही पत्ता सांगताना मायको सर्कलच म्हणतात आणि अण्णाही 'मी मायकोचा' असेच सांगतात. डिझेल इंजिनात इंधनाचा फवारा मारणारी नोझल तिथे तयार होते. तिच्या आतली सुई आणि तिचे घर यांच्यामधली फट दोन-तीन मायक्रॉनची असते. माणसाचा केस त्या मानाने दोरखंडच म्हणायचा. अण्णा नोझलच्या चाचणीवर होते. हातपंपाने दाब द्यायचा आणि फवारा कसा सुटतो ते पाहायचे, आणि त्याहून अधिक ऐकायचे. चांगली नोझल दाब दिला की कुरकुरत बोलते, असे ते सांगत. जी गप्प राहून नुसती गळते ती नापास. लहानपणी मी त्यांना विचारले होते की, दिवसभर तुम्ही काय करता, तेव्हा त्यांनी "नोझलचं बोलणं ऐकतो" असे उत्तर दिले होते आणि मी ते शाळेत अभिमानाने सांगितले होते.

त्यांच्या हाताखाली आमची पहिली गाडी नांदली. ती कार्बोरेटरची होती, दुसऱ्या मालकाकडून घेतलेली, आणि तिला रविवार हवाच असे. रविवारी सकाळी अण्णा जुन्या बनियनचे फडके खांद्यावर टाकून बोनेट उघडत. प्लग काढून तारेच्या ब्रशाने घासायचे, त्यांच्या टोकांमधले अंतर पातळ पोलादी पट्ट्यांच्या गेजने मोजायचे, डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट पॉलिश पेपरने साफ करायचे, बॅटरीच्या सहाही तोंडांची झाकणे उघडून डिस्टिल्ड वॉटर किती आहे ते पाहायचे, आणि टर्मिनलवर जमलेल्या पांढऱ्या-निळ्या भुकटीवर कढत पाणी ओतून वर व्हॅसलिनचा हात फिरवायचा. पट्ट्यांचे ते गेज धरण्याचे काम माझ्याकडे असे. योग्य पट्टी फटीतून सरकताना किंचित अडली पाहिजे, मऊ लोण्यातून सुरी ओढल्यासारखी, हे मला वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षी बोटांनी कळत होते. त्या रविवारांचा वास अजून आठवतो: रॉकेल, तापलेले रबर आणि आईच्या स्वयंपाकघरातून येणारी फोडणी, सगळे एकत्र. खंडेनवमीला पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर पाटावर मांडून त्यांना हळद-कुंकू लागे आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार. पण हार घालण्याआधी अण्णा ऑइलची पट्टी ओढून पाहत. आईला ती घाई आवडत नसे, मुहूर्त टळेल म्हणून ती दारातून हाका मारी. ते मात्र पट्टी पुसून, पुन्हा घालून, पुन्हा ओढून, दोन खुणांच्या मध्ये ऑइल आहे याची खात्री करून मगच हार हातात घेत.

सकाळी गाडी थोडा वेळ चालू ठेवण्याची रीतही त्याच गाडीची. थंडीत चोक ओढून ती सुरू करावी लागे आणि चोक आत ढकलला की ती दम तोडी. कार्बोरेटरला थंडी कळत नव्हती. पेट्रोल आणि हवा यांचे माप त्याला आपण हाताने जुळवून द्यावे लागे. चार-पाच मिनिटे तिला तशीच घुरघुरू दिली की मग ती रस्त्यावर अडखळत नसे. तेव्हा ते अगदी बरोबर होते. फरक एवढाच की, त्या पाच मिनिटांनंतर अण्णा खरोखर गाडी घेऊन निघत. ती पाच मिनिटे ही प्रवासाची सुरुवात होती. कधी नातेवाइकांकडे मुंबईला, तेव्हा कसारा घाट उतरताना ते गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून इंजिनावर धरत आणि ब्रेकवरचा पाय मोकळा ठेवत. परतीच्या चढणीला कडेला वाफाळणाऱ्या गाड्यांची रांग दिसे, बोनेट उघडून, हातात पाण्याचे डबे घेऊन उभी असलेली माणसे दिसत. आमच्याही गाडीचा काटा वर सरकू लागला की अण्णा हीटर सुरू करीत, इंजिनाची उष्णता तेवढीच बाहेर पडावी म्हणून, आणि आम्ही मे महिन्यात घामाघूम होऊन इगतपुरीच्या गार वाऱ्याची वाट पाहत बसत असू. तापलेल्या रेडिएटरचे झाकण त्यांनी कधीच लगेच उघडले नाही. "कुकरची शिट्टी काढतं का कोणी?" असे ते म्हणत.

पुढे ती गाडी गेली, दुसरी आली, आणि २०१४ मध्ये ही. हिला चोक नाही, पॉइंट नाहीत, ग्रीसिंगची बोंडे नाहीत. पेट्रोलचे माप संगणक ठरवतो. रविवारचे काम हळूहळू संपत गेले आणि उरली ती वर्षाची सर्व्हिसिंग. अण्णांचे हात त्यातून बाहेर पडले, कारण हाताने जुळवण्यासारखे फारसे काही राहिलेच नव्हते. मग २०२० चा मार्च आला. टाळेबंदीत सगळ्या सोसायटीच्या गाड्या धूळ खात उभ्या राहिल्या आणि गाडी अधूनमधून चालू करत राहा, असे निरोप सगळीकडून फोनवर येऊ लागले. अण्णांची जुनी पाच मिनिटे तेव्हा परत आली. जूनमध्ये बाहेर पडण्याची वेळ झाली तेव्हा आमच्या इमारतीत कितीतरी गाड्या सुरू होईनात आणि आमची पहिल्या फटक्यात सुरू झाली. बॅटरी तेव्हा नवी होती, हे त्यामागचे खरे कारण आज मला दिसते. पण त्या सकाळी ते श्रेय पाच मिनिटांना मिळाले. डोळ्यांमुळे गाडी चालवणे थांबल्यावर तीच रीत त्यांनी पुन्हा उचलली, यात नवल नव्हते.

संध्याकाळी चहाच्या वेळी मी विषय काढला. आधी बॅटरीचे सांगितले, मग सायीचे. अण्णांनी रेडिओ बंद केला. "काटा तर मध्यापर्यंत येतो की," ते म्हणाले. तो काटा कूलंटचे तापमान दाखवतो, ऑइलचे नाही, आणि कूलंट आधी तापते, ऑइल बरेच मागून, हे मी सांगू लागले आणि अर्ध्यावरच थांबले, कारण त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होते की हे त्यांना माझ्याहून चांगले माहीत आहे, केवळ त्या बाजूने त्यांनी कधी पाहिले नव्हते. ते बराच वेळ बशीतल्या चहाकडे पाहत राहिले. मग त्यांनी मला एक प्रश्न विचारला, जो मिस्त्रींनीही विचारला नव्हता. "थंड असताना इंजेक्टर पेट्रोल जास्त सोडत असेल, नाही का?" होय, संगणक थंड इंजिनाला मुद्दामच जास्त पेट्रोल देतो, चोक जे करायचा तेच आता तो करतो. "मग ते सगळं जळत नसणार," अण्णा म्हणाले, "फवारा थंड भिंतीवर बसत असणार. सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढत असणार ते, आणि खाली ऑइलमध्येच उतरत असणार." ते माझ्याशी बोलत नव्हते. समोर हवेत कुठेतरी त्यांना तो फवारा दिसत होता, इतकी वर्षे ज्याचा कोन, ज्याची धार आणि ज्याचा आवाज त्यांनी तपासला होता तो. मी सांगायला घाबरत होते ते सगळे त्यांनी स्वतःच, आपल्याच कामाच्या वाटेने जाऊन, शेवटपर्यंत सांगून टाकले. शेवटी फक्त एवढेच म्हणाले, "मला सुचायला हवं होतं."

त्यांचे हे शेवटचे वाक्य मला फार लागले. ते सुचायला हवे होते, तर मला का नाही? गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत सर्व्हिसिंगच्या तक्त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेले आहे: दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. ते मी कितीदा वाचले असेल. दरवेळी मी त्यातला फक्त पहिला आकडा वाचला. गाडी दहा हजारांच्या जवळही गेलेली नाही, मग कशाला खर्च, असे म्हणून मी गेल्या वर्षीची सर्व्हिसिंग सरळ पुढे ढकलली होती. 'किंवा' या शब्दावर माझी नजर कधी थांबलीच नाही. गाडीला अंतराचे वय असते आणि दिवसांचेही असते, आणि उभ्या गाडीचे दिवसांचे वय चालत्या गाडीइतक्याच वेगाने, काही बाबतीत जास्तच वेगाने, वाढते, हे त्या एका शब्दात लिहून ठेवलेले होते.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये ते वय ठिकठिकाणी दिसले. ब्रेकच्या ऑइलची छोटी टाकी मिस्त्रींनी उघडली. नवे ब्रेक ऑइल पातळ मधाच्या रंगाचे असते. आमचे गडद, काढ्यासारखे झाले होते. ते कधी बदलले होते हे मला आठवेना. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, गाडी चालो वा न चालो, म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचे असते. डॉट ४ प्रतीचे ताजे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. लांब घाट उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवले तर चाकाजवळचे ऑइल तेवढे तापू शकते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पायाखाली मऊ पडून खाली जाते. मला कसारा घाट आठवला आणि अण्णांचा ब्रेकवरून मोकळा ठेवलेला पाय आठवला. गेल्या मेमध्ये एका लग्नासाठी मी याच गाडीने, याच काढ्यासारख्या ऑइलवर, तो घाट उतरले होते. मागे आई-अण्णा बसले होते, आणि वेफर्सचा पुडा फुटला म्हणून आम्ही हसत होतो. काही झाले नाही. तरीही त्या दिवशी गॅरेजमधल्या स्टुलावर बसून मला तो सगळा घाट पुन्हा एकदा उतरावा लागला.

टायरांच्या नक्षीत अजून भरपूर खोली होती. ती १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदलायचे. आमचे कितीतरी वर होते. पण मिस्त्रींनी टायरच्या बाजूवर कोरलेले चार आकडे मला वाचायला लावले: ३६१७. २०१७ सालचा छत्तिसावा आठवडा. बोटाने रबर दाबून वाकवल्यावर बारीक भेगांचे जाळे उघडे पडले, उन्हाळ्यात गंगापूर धरणाचे पाणी मागे सरल्यावर काठाच्या चिखलाला पडते तसे. पार्किंगमध्ये आमची जागा पश्चिमेच्या कडेला आहे आणि दुपारनंतरचे ऊन रोज त्या दोन चाकांवर येते, हे मला तेव्हा लक्षात आले. हवाही तेहतीसऐवजी कुठे चोवीस, कुठे बावीस होती. मागचे ब्रेक ड्रमला धरू लागले होते, कारण हँडब्रेक महिनोन्‌महिने ओढलेलाच होता. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने सुतळीचे आणि शेंगांच्या टरफलांचे घरटे केले होते. कूलंटमध्ये कधीतरी कुणीतरी बोअरचे पाणी घातले असावे. टाकीच्या कडेला क्षाराची पांढरी रेघ होती. मिस्त्री एकेक गोष्ट दाखवत होते आणि त्यांच्या आवाजात दोष देणे नव्हते, पण काहीही लपवून ठेवणेही नव्हते. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो तो यासाठी. आज लागणारे काय, सहा महिन्यांनी चालेल असे काय आणि मुळीच गरज नाही असे काय, याचे तीन वेगळे हिशेब त्यांनी तोंडी सांगितले. इंजिन आतून धुण्याचे एक महागडे औषध हल्ली सगळीकडे सुचवले जाते. ते घालू का, असे मी विचारल्यावर त्यांनी मान हलवली. "ऑइल बदलतो, फिल्टर बदलतो. पाचशे किलोमीटर चालवा आणि परत दाखवा. चालवणं हेच औषध आहे, ताई." जुने ऑइल खालच्या नटमधून ट्रेमध्ये पडू लागले तेव्हा मी वाकून पाहिले. ते काळे असेल अशी माझी कल्पना होती. ते राखाडी होते, आणि त्याला पेट्रोलचा वास येत होता. अण्णा म्हणाले होते ते समोर ट्रेमध्ये पडत होते.

पुढच्या सकाळी सात वाजता दार वाजले तेव्हा मी जागीच होते. खिडकीतून पाहिले, तर अण्णा खाली गाडीजवळ उभे होते. त्यांनी दार उघडले, आत बसले, दार लावून घेतले. मी आवाजाची वाट पाहत राहिले. आवाज आला नाही. पाच मिनिटांनी ते उतरले, काचेवरचे दव फडक्याने पुसले, चारही टायरांना एकेकदा पायाने दाबून पाहिले आणि वर आले. चहा घेताना त्यांनी किल्ली टेबलावर माझ्या बाजूला सरकवून ठेवली.

तेव्हापासून रविवार पुन्हा सुरू झाले आहेत. गाडी मी चालवते, अण्णा शेजारी बसतात. सोमेश्वर मागे टाकले की रहदारी विरळ होते, गंगापूर गाव येते, मग गोवर्धन, दुगाव आणि गिरणारे. जाऊन-येऊन तीस-पस्तीस किलोमीटर. पहिली दहा मिनिटे अण्णा मला वेग वाढवू देत नाहीत, ऑइल वरपर्यंत पोहोचून तापू दे म्हणतात. गोवर्धनच्या पुढे ते काच अर्धी खाली करतात. मला वाटायचे, हवेसाठी. ते इंजिन ऐकत असतात. द्राक्षबागांच्या कडेने जाताना कधी पहाटेच्या शेकोट्यांचा धूर अजून जमिनीलगत रेंगाळत असतो, गिरणाऱ्याच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटांच्या चळती लागलेल्या असतात. परतताना पाच-दहा मिनिटे थंडीतही ते एसी लावायला सांगतात, कारण तो महिनोन्‌महिने बंद राहिला तर कॉम्प्रेसरची सील कोरडी पडतात. आई मागे शाल गुंडाळून बसते आणि दर रविवारी त्याबद्दल तक्रार करते. हवा शनिवारी संध्याकाळी, टायर थंड असताना, मी भरून आणते. चौथ्या रविवारी परत आल्यावर अण्णांनी मला बोनेट उघडायला सांगितले. ऑइल खाली उतरून स्थिर व्हावे म्हणून आम्ही दहा मिनिटे थांबलो. तेवढ्यात त्यांनी मागच्या चाकामागे वीट लावली, म्हणजे हँडब्रेक ओढायला नको आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवता येते. मग पट्टी ओढली. ऑइल दोन खुणांच्या मध्ये होते. ते त्यांनी नाकाशी धरून पाहिले. नंतर झाकण काढले, उलटे केले आणि माझ्यापुढे धरले, कारण इतक्या जवळचे त्यांना हल्ली नीट दिसत नाही.

"साय आहे का?"

नव्हती. आतला धातू स्वच्छ होता आणि त्यावर ऑइलचा पातळ, पिवळसर हात होता. मी तसे सांगितले. तरीही त्यांनी फडक्याचा कोपरा आत घालून तो गोल फिरवला आणि फडके मला दाखवले. मग म्हणाले, "पुढच्या रविवारी त्र्यंबककडे घे. तिकडे थोडा चढ लागतो." झाकण त्यांनी स्वतः पिळून बसवले. बोनेट मला लावायला सांगितले.